अठरा लाखांचं नाणं आणि साडेबारा हजारांचा जीएसटी

सप्रेम नमस्कार. सासरे गेल्यावर देवघराच्या खालच्या कप्प्यात एक पितळी डबा निघाला. राणीछाप-राजाछाप मिळून अकरा रुपये, मूठभर ढब्बू पैसे, रामदरबाराचं १८१८ सालचं एक नाणं, ट्रॅक्टरची पाचाची नोट आणि वैष्णोदेवीचं एक नाणं. मुलाने मोबाइलवरच्या एका जाहिरातीत फॉर्म भरला. दुसऱ्याच दिवशी फोन आला, की रामदरबाराला ऑनलाइन लिलावात अठरा लाखांची बोली लागली आहे. नोंदणीचे २,१५० रुपये आम्ही गेल्या आठवड्यात भरले. आधार, पॅन आणि पासबुकाचे फोटोही पाठवले. आता जीएसटीचे १२,५०० मागताहेत. सोबत रिझर्व्ह बँकेचं शिक्का मारलेलं पत्र आहे. आणखी एक. मुलाला या निमित्ताने नाण्यांचा नाद लागलाय. एका लिलावाच्या साइटवर त्याने शिवकालीन होनावर बोली लावली आणि हरला. काल विकणाऱ्याचा मेसेज आला: जिंकणाऱ्याने माघार घेतली, तुमच्या शेवटच्या बोलीला देतो, पैसे थेट मला पाठवा. यजमान म्हणतात, सगळं थोतांड आहे, डबा भंगारात घाला. नणंदा विचारताहेत, मिळाले का पैसे. काय करू?
— एक भगिनी, कराड

ताई,

भरू नका. जीएसटीचे नाहीत आणि होनाचेही नाहीत. हे वाचून झालं की आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, २,१५० रुपये गेल्याची तक्रार नोंदवा आणि तीच तक्रार cybercrime या सरकारी पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर टाका. आठवडा उलटला आहे, त्यामुळे पैसे परत येतीलच असं सांगत नाही. पहिल्या तासा-दोन तासांत फोन गेला तर समोरच्याच्या खात्यात रक्कम गोठवता येते. नंतर ती चार खात्यांतून फिरून एटीएममधून बाहेर पडलेली असते. तरीही तक्रार हवी, कारण तुमची कागदपत्रं त्यांच्याकडे गेली आहेत. उद्या त्यांचा गैरवापर झालाच, तर आपण आधीच कळवलं होतं याचा पुरावा तुमच्या हातात राहील.

आता तुमच्या अठरा लाखांकडे येऊ. ते रामदरबाराचं नाणं मी न पाहताच सांगतो: एका बाजूला राम, लक्ष्मण, सीता आणि पायाशी मारुती, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ आणि ‘हाफ आना’. बरोबर? अशी नाणी महाराष्ट्रातल्या निम्म्या देवघरांत असतील. कंपनीने रामदरबाराचं असं नाणं कधी चलनात आणलंच नव्हतं. तीर्थक्षेत्री विकायला, पूजेत ठेवायला ही नाणी पुढे कोणीतरी पाडली आणि वजन यावं म्हणून कंपनीचं नाव नि जुनं साल घातलं. काहींवर १७१७ असतं, काहींवर १६१६. म्हणजे फसवणारा पट्टीचा असला तरी त्याने निवडलेला माल असा, की तो कोणाच्याही घरी सापडावा. वैष्णोदेवीचं २०१२ सालचं नाणं सरकारनेच काढलं, ते आजही कंडक्टरच्या हातून सुट्ट्या पैशांत मिळतं. ट्रॅक्टरची नोट कोरी करकरीत असेल तर एखादा हौशी माणूस थोडे जास्त पैसे देईल. वापरलेली असेल तर ती पाच रुपयांचीच. ७८६ आकड्याच्या नोटांचंही असंच. लाखांचे आकडे फक्त जाहिरातीत असतात.

फोनवरच्या बाईंनी तुम्हाला ‘लाइव्ह बोली’ दाखवली असेल. आकडा पाच लाखांवरून सात, सातावरून अकरा असा चढताना दिसतो, बोली लावणाऱ्यांची नावं येतात, घड्याळ उलटं धावतं. ते एक पान असतं आणि त्यावरचे आकडे तुमच्यासाठीच नाचवलेले असतात. नाणं हातात न घेता, वजन न करता, दुसरी बाजू न बघता अठरा लाखांची बोली लावणारा संग्राहक मी अजून पाहिलेला नाही. खरे संग्राहक पाचशे रुपयांच्या नाण्यावर अर्धा तास भिंग फिरवतात.

आणि त्या पैशांचा हिशोब बघा. लिलाव करणारी कुठलीही सरळ पेढी विकणाऱ्याकडून कमिशन घेते, पण ते विक्रीच्या रकमेतून वळतं करून घेते. नाणं दहा हजारांना गेलं, कमिशन कापलं, उरलेले तुमच्या खात्यात. आधी तुम्ही भरा, मग आम्ही देतो, हा उलटा प्रवास फक्त ठगांच्या दुकानात होतो. नोंदणी झाली की जीएसटी, जीएसटी झाला की टीडीएस, मग विमा, मग रिझर्व्ह बँकेचा ना-हरकत दाखला, मग ‘रक्कम मोठी आहे म्हणून खातं अपग्रेड करायचं’. टीडीएस तर द्यायच्या रकमेतून कापायचा कर. तो तुम्ही आधी कुठून भरणार? जीएसटी सरकारच्या पोर्टलवर चलनाने भरला जातो, कुण्या राहुलच्या गुगल पेवर नाही. शिवाय घरातला जुना डबा विकणाऱ्या गृहिणीकडून आगाऊ जीएसटी मागणारा कायदा अजून झालेला नाही.

शिक्क्याच्या पत्राचं एका वाक्यात उरकता येईल. ४ ऑगस्ट २०२१ ला रिझर्व्ह बँकेने स्वतः निवेदन काढून सांगितलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आम्ही पडत नाही, त्यासाठी कुठलंही शुल्क वा कमिशन आम्ही घेत नाही आणि आमच्या नावाने ते घेण्याचा अधिकार आम्ही कोणत्याही संस्थेला, कंपनीला किंवा माणसाला दिलेला नाही. म्हणजे पत्रावर बँकेचं नाव आहे, हाच ते खोटं असल्याचा पुरावा.

पुढच्या फोनवर आवाज बदलेल. आधी गोड, मग घाईचा, मग धमकीचा: पैसे भरले नाहीत तर तुमच्यावर केस होईल, जुनी नाणी बेकायदा बाळगली म्हणून पोलीस येतील. वाडवडिलांची नाणी घरात ठेवणं गुन्हा नाही. (शेतात नांगरताना हंडा सापडला तर गोष्ट वेगळी, त्यासाठी १८७८ चा कायदा आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. देवघराच्या कप्प्याला तो लागू नाही.) नंबर ब्लॉक करा, पण चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, ज्याच्या नावावर पैसे गेले ते नाव, सगळं मुलाला एका ठिकाणी ठेवायला सांगा. पोलीस हेच मागतील.

कागदपत्रांबद्दल. आधारचं बायोमेट्रिक आधारच्या अ‍ॅपवरून किंवा वेबसाइटवरून लॉक करता येतं, आजच करा. पॅनवर कोणी कर्ज काढलंय का हे क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं; प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडून, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. दोन-तीन महिन्यांनी एकदा बघून घ्या. आणि हे नीट लक्षात ठेवा: तुमच्या खात्यात अचानक दहा-वीस हजार जमा झाले आणि ‘चुकून आले, परत पाठवा’ किंवा ‘ही टेस्ट रक्कम आहे, पुढे या नंबरवर टाका’ असा फोन आला, तर एक रुपयाही पुढे पाठवू नका. बँकेत जा आणि लेखी कळवा. ते पैसे दुसऱ्या कोणा फसलेल्याचे असतात. तुमच्या खात्यातून ते पुढे गेले, की पोलिसांच्या कागदावर तुमचं खातं चढतं आणि गोठतं. मग पेन्शनही अडकते नि गॅसची सबसिडीही.

आणखी एक फोन येईल, कदाचित महिन्याभराने. ‘मी सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे २,१५० सापडले, प्रोसेसिंगचे पाचशे भरा.’ फसलेल्यांची यादी पुढे विकली जाते. सायबर पोलीस पैसे परत करायचे पैसे घेत नाहीत.

आता चिरंजीवांकडे वळू. त्यांचं प्रकरण वेगळं आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते जिथे बोली लावताहेत ती साइट खरीही असू शकते. खऱ्या बाजारातही खिसेकापू असतातच.

‘जिंकणाऱ्याने माघार घेतली, तुम्हाला देतो’ हा प्रकार मुळात खोटा नाही. ईबेसारख्या मोठ्या साइटवर विकणाऱ्याला तशी सोय दिलेली असते, पण तो प्रस्ताव साइटच्या आतल्या मेसेजमध्ये येतो आणि पैसेही साइटवरूनच भरायचे असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आला, ईमेलने आला, ‘साइटचं कमिशन वाचवू’ असं कानात सांगत आला, की तिथेच थांबायचं. साइटवर पैसे भरले असतील तर वस्तू आली नाही किंवा वेगळीच आली म्हणून दावा करता येतो. थेट पाठवलेत की साइट हात वर करते, आणि ते तिच्या नियमाला धरूनच असतं. कधीकधी तर मेसेज करणारा मूळ विकणारा नसतोच. हरलेल्या बोलीवाल्यांना गाठून माल आपलाच आहे असं भासवणारा तिसराच कोणी असतो. त्याच्याकडे खोटं काय, खरं काय, कुठलंच नाणं नसतं. आणि ईबे इंडियाच्या नावाने कोणी फोन केला, तर ती साइट २०१८ सालीच बंद झाली आहे हे मुलाला सांगून ठेवा. भारतातले विक्रेते आजही ईबेच्या परदेशी साइटवर माल ठेवतात, तो भाग निराळा.

बँकेबद्दलही ऐका. ‘फसवणूक झाली तर तीन दिवसांत कळवा, बँक भरून देते’ असं लोक सांगतात. तो नियम तुमच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशांना तो सहजासहजी लागत नाही. त्यामुळे पिन टाकण्याआधीचं अर्ध मिनिट हेच काय ते तुमचं संरक्षण. पैसे मिळायचे असतील तेव्हा पिन लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याकडून गेले.

बरं, होन. शिवरायांचा सोन्याचा होन इतका दुर्मीळ आहे, की खात्रीचा नग मोठ्या लिलावात आला तर त्याची बातमी होते. पाच हजारांपासून बोली सुरू होणारा होन म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली नक्कल. विकणाऱ्याने वर्णनात कुठेतरी बारीक अक्षरांत ‘रेप्लिका’ लिहिलेलंही असतं, म्हणजे उद्या तक्रारीला जागा नको. मुलाला नाद लागलाय तर लागू द्या, चांगला नाद आहे, पण सुरुवात तांब्याच्या शिवराईपासून करायला सांगा. तुमच्या ढब्बू पैशांत एखादी असेलही. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’ अशी अक्षरं चाचपडून वाचता येतात. बहुतेकदा अर्धी अक्षरं नाण्याबाहेर गेलेली असतात, कारण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान. शिवराई महाराजांच्या नंतरही पुष्कळ काळ पाडली जात होती, त्यामुळे साधी शिवराई काहीशे रुपयांत मिळते. शिकण्यासाठी ही फी परवडते.

बोली लावण्याआधी त्याने विकणाऱ्याकडून दोन फोटो मागावेत. एक, नाणं डिजिटल काट्यावर ठेवून वजनासकट. दुसरा, नाण्याशेजारी कागद आणि कागदावर आजची तारीख नि मुलाचं नाव. ज्याच्याकडे नाणं आहे त्याला याला दोन मिनिटं लागतात. ज्याने दुसऱ्याचा फोटो उचललाय तो चिडतो, ‘विश्वास नसेल तर घेऊ नका’ म्हणतो. घेऊ नये. विकणाऱ्याचा अभिप्रायांचा इतिहासही उघडून वाचावा, नुसते तारे मोजू नयेत. दोनशे चांगले अभिप्राय मोबाइलच्या कव्हरवर मिळवलेत आणि गेल्या पंधरा दिवसांत अचानक सोन्याची नाणी विकायला काढलीत, असं दिसलं तर ते खातं विकत घेतलेलं किंवा चोरलेलं असू शकतं.

खोटी बोली ओळखणं अवघड असतं. विकणारा स्वतःच दुसऱ्या नावाने बोली चढवतो. बोलींची यादी उघडून बघितली तर एकच नवखं खातं त्याच विकणाऱ्याच्या प्रत्येक मालावर बोली लावतंय, दर वेळी शेवटच्या घडीला मागे सरतंय, असा माग लागतो. नाही लागला तरी एक उपाय बाकी राहतो: आपल्याला हे नाणं कितीला परवडतं तो आकडा आधी कागदावर लिहायचा, त्यात कुरियर आणि खरेदीदाराकडून घेतलं जाणारं कमिशन नि त्यावरचा जीएसटी धरायचा (मोठ्या पेढ्यांच्या लिलावात हे बोलीच्या वर द्यावं लागतं, नवखे लोक इथे हबकतात), आणि त्या आकड्याला थांबायचं. समोर खोटा माणूस असला तरी तो मग आपल्याला आपल्या आकड्यापलीकडे नेऊ शकत नाही. पार्सल आलं की फोडण्याआधीपासून व्हिडिओ सुरू ठेवायचा, पत्त्याची चिठ्ठी आधी दाखवून. डबीतून नाण्याऐवजी वॉशर निघाला तर तोंडी सांगण्याला कोणी विचारत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि यजमानांना सांगा की भंगारवाल्याचं नाव काढू नका. डब्यात खरी किंमत आहे ती त्या अकरा रुपयांची. राणीछाप रुपया एका तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. म्हणजे एका रुपयात जवळपास पावणेअकरा ग्रॅम शुद्ध चांदी. आजचा चांदीचा भाव पेपरात बघा आणि गुणाकार करा. त्याखाली कोणी मागितलं तर सरळ उठायचं. १९४० ते १९४५ च्या राजाछाप रुपयांत चांदी निम्मीच आहे, त्यांचा हिशोब वेगळा धरा. वाघाचा १९४७ चा रुपया निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो; तो चांदीच्या ढिगात मोजू नका.

चांदीच्या वर किती मिळेल हे सालावर ठरतं. राणीछापावर १८६२ दिसलं म्हणून हुरळू नका. तेच साल १८७४ पर्यंत नाण्यांवर छापत राहिले, त्यामुळे ते ढिगाने आहेत. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया मात्र बाजूला ठेवा. राजाच्या अंगावरच्या पदकातला हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि तो रुपया मागे घेतला गेला. संग्राहक त्याला चांदीच्या बरंच वर देतात. १९३९ चा निघाला तर मात्र आनंदाआधी संशय घ्या. तो इतका मागणीतला आहे, की त्याच्या नकला भरपूर फिरतात. नक्कल बहुधा ओतीव असते: पृष्ठभागावर बारीक छिद्रं, कडेवर जोडाची रेघ, आणि वजनात फरक. गल्लीतल्या सोनाराच्या काट्यावर पाच मिनिटांत कळतं.

काहीही झालं तरी नाणी घासू नका. पितांबरी नको, चिंच नको, मीठ-लिंबू नको. काळवंडलेल्या नाण्याला संग्राहक जास्त पैसे देतात, चकचकीत केलेल्याला चांदीच्या भावाने घेतात. दिवाळीच्या भांड्यांबरोबर लखलखीत होऊन बरीच नाणी आपली किंमत घालवून बसली आहेत.

विकायचं ठरलं तर मुंबईत तोडीवाला आणि ओसवाल, बंगळूरला मरुधर आर्ट्‌स, अहमदाबादला क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी अशा नाण्यांच्या लिलावाच्या जुन्या पेढ्या आहेत. मी कोणाची शिफारस करत नाही. ही नावं यासाठी, की त्यांचे जुने कॅटलॉग बघितले तर आपल्यासारखं नाणं प्रत्यक्षात कितीला गेलं ते कळतं. मागितलेली किंमत कोणीही लिहू शकतो, विकली गेलेली किंमत बघायची. संपर्क करताना नंबर जाहिरातीतून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलू नका. या पेढ्यांच्याही नावाने उद्या बनावट पान निघू शकतं. वेबसाइटचा पत्ता एकेक अक्षर वाचून स्वतः टाका. नाणी दिली की नगानिशी, वजनासकट, फोटोंसह पावती घ्या. साध्या रुपयांना मोठा लिलाव घेणारही नाही, त्यांच्यासाठी पुण्या-मुंबईत भरणाऱ्या नाण्यांच्या प्रदर्शनात जा आणि दोन-तीन टेबलांवर भाव विचारा. पहिल्याच टेबलावर विकू नका.

‘लंडनचा गिऱ्हाईक आहे, पोस्टाने पाठवा’ असं कोणी म्हणालं तर दुहेरी नकार द्या. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुराणवस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. गिऱ्हाईक खरा असला तरी अडकाल तुम्ही.

राहिल्या नणंदा. डबा सासऱ्यांचा होता, त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यात मुलींचा वाटा मुलाइतकाच. सासूबाई असतील तर त्यांचाही. तेव्हा अठरा लाखांचं काय झालं ते त्यांना आधी खरं खरं सांगा, डब्यातल्या वस्तूंची यादी फोटोसकट सगळ्यांना पाठवा आणि विकायचं की वाटून घ्यायचं ते एकत्र ठरवा. अकरा रुपयांची समान वाटणी होत नसेल तर वजन करून चांदीच्या भावाने हिशोब जुळवता येतो. १९११ चा निघाला तर मात्र तो कोणाकडे जाणार, ते वजन करायच्या आधी ठरवून घ्या.